बालविकास केंद्र आणि पालकशाळा: कारभार कसा बसवायचा, पैसा कसा उभा करायचा

आमच्या बालविकास केंद्राची अंदाजपत्रकाची सभा मार्चच्या पहिल्या आठवड्यात असते. चौदा वर्षं मी तिथे खजिनदार होते. त्यातल्या निदान दहा सभांत एकच गोष्ट घडली: जमाखर्चाची तोंडमिळवणी होईना, की कोणीतरी म्हणायचं, "पालकशाळेचा खर्च यंदा जरा आवरू या." वर्ग बंद करा असं कोणी म्हणत नाही, भाडं थांबवता येत नाही, वीज तोडता येत नाही. पालकांच्या बैठका आणि घरभेटी मात्र सहज खोडता येतात, कारण त्यांच्या बाजूने बोलणारं त्या टेबलाशी कोणी बसलेलं नसतं.

मूल आमच्याकडे दिवसाचे तीन-साडेतीन तास असतं, उरलेला सगळा दिवस घरी. घरात कोणी त्याच्याशी बोलतं का, त्याला मार बसतो का, ताटात काय पडतं, आजी गोष्ट सांगते की मोबाइल हातात देते, यावर आमच्या वर्गातल्या कामाचं काय होणार ते ठरतं. म्हणून मुलांचं आणि कुटुंबाचं शिक्षण एकत्र करू पाहणाऱ्या संस्थेच्या घटनेत, मंडळात आणि खतावणीत, तिन्ही ठिकाणी कुटुंब दिसायला हवं. ते कसं करायचं हे आम्ही चुकत चुकत शिकलो. तीन ते सहा वयोगटाची साठेक मुलं घेऊन महाराष्ट्रात असं काम सुरू करणाऱ्यांसाठी ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी घटना, मग फलक

नोंदणीच्या मुख्य वाटा तीन: सार्वजनिक न्यास म्हणजे ट्रस्ट, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची सोसायटी, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. लहान केंद्रासाठी माझं मत सोसायटीच्या बाजूने आहे. तिला किमान सात सभासद लागतात, निवडणूक होते, सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, आणि पालकांना सभासद करून घेता येतं. महाराष्ट्रात अशा सोसायटीला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. न्यासात विश्वस्त थोडे असतात आणि कारभार सुटसुटीत वाटतो, पण बऱ्याच न्यासांचं पुढे एका कुटुंबाचं घरगुती प्रकरण होऊन बसलेलं मी पाहिलं आहे.

घटनेचा तयार मसुदा वकिलांकडे मिळतो. तो घ्या, पण उद्देशांचं कलम स्वतः बसून लिहा. त्यात "बालवाडी चालवणे" एवढंच असलं, तर उद्या गरोदर बायकांसाठी घेतलेल्या आहारवर्गाचा किंवा वडिलांच्या शिबिराचा खर्च उद्देशाबाहेरचा ठरू शकतो. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा विकास, पालक आणि कुटुंबीयांचं शिक्षण, गरोदर आणि स्तनदा मातांचं मार्गदर्शन, बालशिक्षिकांचं प्रशिक्षण, साहित्यनिर्मिती असे शब्द नावानिशी येऊ द्या. आमच्या मूळ घटनेत "पालक" हा शब्दच नव्हता. पुढे घटनादुरुस्ती करून तो घालायला आम्हाला दोन वर्षं लागली.

मुलाबरोबर घरालाही शिकवायचं हा विचार आमचा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला जाणाऱ्यांसाठी कुरणात न्यायची, असं त्यांनी केलं. अंगणात शाळा भरली की आई, आजी, शेजारीण सगळ्या बघतात, ऐकतात, विचारतात. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांमध्येही पोषण आणि आरोग्य शिक्षण ही एक स्वतंत्र सेवा ठेवली गेली, आणि ती मुलांसाठी नसून बायकांसाठी होती. म्हणजे घराला शिकवणं हे बालशिक्षणाचं शेपूट नाही, हे आपल्याकडे बऱ्याच आधीपासून कळलेलं आहे.

मंडळात कोण, आणि किती दिवस

नऊ जणांचं मंडळ पुरतं. कामाच्या दृष्टीने बघायचं तर हिशेब समजणारी एक व्यक्ती, बालरोगतज्ज्ञ किंवा आरोग्यसेविका म्हणून काम केलेली एक, बालशिक्षणात हात मळलेली एक, कायद्याची जाण असलेली एक, वस्तीत ज्यांचा शब्द चालतो असे दोघं. उरलेल्या तीन जागा पालकांच्या. त्यांतली एक सध्या सर्वांत कमी फी भरणाऱ्या गटातल्या पालकाची, एक माजी पालकाची. हे घटनेत लिहून टाका. नुसत्या तोंडी समजुतीवर सोडलं तर दोन निवडणुकांत त्या जागा डॉक्टर आणि प्राध्यापकांनी भरून जातात.

पालक प्रतिनिधी निवडताना मोठी सभा भरवून हात वर करायला लावू नका. तिथे शिकलेले बोलतात आणि बाकीचे माना हलवतात. आम्ही वस्तीनुसार चार गट केले, गटाची बैठक त्यांच्याच गल्लीत घेतली आणि चिठ्ठ्या टाकून नाव ठरवलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी नावापुढे चित्र होतं. अशी निवडून आलेली धुणीभांडी करणारी एक ताई पहिल्या तीन सभा गप्प बसली. चौथ्या सभेत तिने विचारलं, "पालकसभा बुधवारी दुपारी चारला का ठेवता? आमच्या कामाची तीच वेळ असते." तोवर हजेरी कमी म्हणून आम्ही पालकांनाच बोल लावत होतो. सभा रविवारी सकाळी घेतली आणि खोली भरली.

मुदत तीन वर्षं, सलग दोनदा, मग एक मुदत सुट्टी. एका घरातले दोघे एकाच वेळी नकोत. विश्वस्ताच्या, म्हणजे मंडळातल्या सभासदाच्या, नातेवाइकाला नोकरी द्यायची असेल तर त्या विश्वस्ताने त्या चर्चेत बसायचं नाही, आणि हे इतिवृत्तात नोंदवायचं. विश्वस्त किंवा त्यांच्या नातलगांना संस्थेच्या पैशातून अवाजवी लाभ मिळाला तर करसवलत धोक्यात येते, म्हणून हा फक्त सभ्यतेचा प्रश्न राहत नाही.

मंडळ आणि केंद्रप्रमुख यांच्यातली हद्द पहिल्याच वर्षी कागदावर आखा. काय करायचं, किती पैशात करायचं, कोणत्या मर्यादा पाळायच्या हे मंडळ ठरवतं. ते कसं करायचं हे केंद्रप्रमुख ठरवते. वर्गात शिरून ताईंना, म्हणजे शिक्षिकांना, सूचना देणारा विश्वस्त आणि विश्वस्तांना अंधारात ठेवून खरेदी करणारी केंद्रप्रमुख, दोघांमुळे केंद्र सारखंच पोखरतं. आम्ही खर्चाच्या पायऱ्या ठरवल्या: पाच हजारांपर्यंत केंद्रप्रमुख एकटी, पंचवीस हजारांपर्यंत तिच्याबरोबर खजिनदार, त्यावर मंडळाचा ठराव आणि तीन दरपत्रकं. बँकेत तिघांच्या सह्या नोंदवलेल्या, त्यांतल्या कोणत्याही दोन लागतात, आणि सही करणाऱ्यांत नवरा-बायको नाहीत.

बदल अर्ज: इथे हयगय नको

मंडळात कोणताही बदल झाला, निवडणूक असो, राजीनामा असो की मृत्यू, नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल करावा लागतो. तो मंजूर झाला की परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या अधिकृत नोंदीवर, नवी नावं चढतात. या परिशिष्टाचा उतारा बँक मागते, देणगी देणारी कंपनी मागते, जागा देणारी नगरपालिकाही मागते.

आमचे अध्यक्ष गेले. त्यांच्या जागी दुसरे आले, काम चालू राहिलं, आणि अर्ज "करू या" म्हणत राहिला. पुढची निवडणूकही तशीच गेली. चार वर्षांनी एका कंपनीने तीन वर्षांचा निधी द्यायची तयारी दाखवली आणि उतारा मागितला, तर त्यावर तीन नावं दिवंगत माणसांची. जुना अर्ज मंजूर होईपर्यंत पुढचा अडतो. आम्ही विलंब माफीचे अर्ज, जुनी इतिवृत्तं, मृत्यूचे दाखले गोळा करत बसलो आणि निधी दुसरीकडे गेला. चूक सगळी आमची होती, आणि खजिनदार म्हणून माझी जास्त. तेव्हापासून निवडणुकीच्या सभेचं इतिवृत्त, हजेरीपत्रक, सूचनेची पोच आणि नव्या सभासदांची संमतिपत्रं त्याच दिवशी एका फाइलमध्ये लावून ती वकिलांकडे जाते.

१९५० च्या त्याच विश्वस्त कायद्यातली आणखी काही कलमं विश्वस्तांना तोंडपाठ हवीत. संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची असेल, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढायलाही लागते. आणि संस्थेचा पैसा पतसंस्थेत ठेवायचा नाही. "ओळखीची आहे, एक टक्का व्याज जास्त देते" असं कोणीतरी सभेत म्हणेलच. कायदा गुंतवणुकीच्या जागा ठरवून देतो आणि पतसंस्था त्यात बसत नाही. मुलांच्या खाऊचे पैसे बुडालेल्या पतसंस्थेच्या अवसायकाकडे, म्हणजे तिचा हिशेब मिटवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अडकले, तर विश्वस्तांना वैयक्तिक जाब द्यावा लागू शकतो.

एका मुलामागे खरा खर्च

पैसे मागायच्या आधी हा आकडा काढा. तो बहुतेकांकडे नसतो. समजा साठ मुलं, वीस-वीसचे तीन वर्ग. हा नमुना आहे, तुमच्या गावच्या दरांप्रमाणे आकडे बदला.

तीन ताईंना दरमहा १८,००० प्रमाणे ५४,०००. दोन मदतनीस १२,००० प्रमाणे २४,०००. केंद्रप्रमुख २५,०००. पालकशाळा आणि घरभेटींसाठी अर्धवेळ ताई १२,०००. महिन्याचे पगार १,१५,००० आणि वर्षाचे १३,८०,०००. भविष्यनिधी, रजेच्या काळातली बदली, दिवाळीची रक्कम यासाठी त्यावर दहा टक्के, म्हणजे १,३८,०००. भाडं २,४०,०००. वीज, पाणी, फोन ६०,०००. खाऊ मुलामागे रोज १५ रुपये, २१० दिवसांचा १,८९,०००. साहित्य ९०,०००. पालकशाळेचा बैठका, प्रवास, तक्ते, चहा यांचा खर्च ६०,०००. ताईंचं प्रशिक्षण ४०,०००. लेखापरीक्षण आणि कायदेशीर काम ३५,०००. दुरुस्ती ४८,०००. बेरीज २२,८०,०००. साठने भागा: मुलामागे वर्षाला ३८,०००, महिन्याला साधारण ३,१६७.

साहित्याचा वाटा किती लहान आहे ते इथे दिसतं. कोसबाडला बिया, शंख-शिंपले, पानं, माती यांतून मुलं मोजायला आणि रंग ओळखायला शिकली. महाग खेळण्यांनी भरलेलं कपाट हे चांगल्या बालवाडीचं लक्षण नाही. पैसा लागतो तो माणसांना, आणि तिथे काटकसर केली की ताई दर वर्षी बदलतात. तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी ताई बदलणं म्हणजे घरातलं माणूस निघून जाणं.

आता पालकशाळा वेगळी काढून बघा. अर्धवेळ ताईंचा पगार वर्षाला १,४४,०००, त्यावरचे दहा टक्के १४,४०० आणि कार्यक्रमखर्च ६०,०००. एकूण २,१८,४००, म्हणजे अंदाजपत्रकाच्या साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. घटनेच्या नियमावलीत एक वाक्य घाला: "पालक शिक्षणावरील तरतूद एकूण अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून खाली आणायची असल्यास मंडळाच्या दोन तृतीयांश सभासदांची संमती लागेल." आम्ही हे केल्यापासून मार्चमधली ती चर्चा थांबली.

फी तीन पट्ट्यांत, पावती एकाच रंगाची

वरच्या नमुन्यात वीस घरं पूर्ण खर्च उचलतील, म्हणजे महिना ३,२००. पंचवीस घरं १,५००, पंधरा घरं ३००. वर्षाची मागणी १२,७२,००० होते. सगळी कधीच येत नाही. आजारपण येतं, काम सुटतं, कोणी गावी जातं. ११,७०,००० धरा.

पट्टी कोणती हे पालकांनी स्वतः सांगायचं. उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही. "असं केलं तर सगळे तीनशेच सांगतील," अशी भीती आमच्या मंडळालाही होती. झालं असं की खऱ्या खर्चाचा आकडा फळ्यावर लिहून समजावला, की बरेच जण आपणहून वरची पट्टी घेतात. फसवणारे एक-दोन असतात. त्यांना पकडण्यासाठी बाकीच्यांना दाखल्यांच्या रांगेत उभं करणं मला पटत नाही. कोण कोणत्या पट्टीत आहे हे खजिनदार आणि केंद्रप्रमुख यांनाच ठाऊक असावं. वर्गातल्या ताईंनाही नको. पावत्या एकाच रंगाच्या, स्नेहसंमेलनाची वर्गणी सगळ्यांना सारखी आणि इतकी लहान की कोणी अडू नये.

खालची पट्टी शून्य ठेवू नका, असं माझं अनुभवाचं मत आहे. तीनशे रुपये भरणारी आई पालकसभेत हिशेब विचारते. फुकट घेणारी विचारत नाही, तिला संकोच वाटतो. ज्या घरात तेही जमत नाही तिथे केंद्रप्रमुखाने गुपचूप माफ करावं, त्यासाठी ठराव नको.

उरलेले अकरा लाख

खर्च २२,८०,०००, फी ११,७०,०००. तूट ११,१०,०००. इथे आम्ही एक नियम पाळला, आणि बाकी सगळं विसरलात तरी तो लक्षात ठेवा: पगार फी आणि गावातल्या मासिक देणग्यांवरच उभे राहिले पाहिजेत. कंपन्यांचा किंवा प्रतिष्ठानांचा निधी वर्षाने येतो, तीन वर्षांनी जातो, कधी मध्येच थांबतो. त्यावर ताईंच्या घरची चूल ठेवायची नाही.

दरमहा ३०० रुपये देणारे दीडशे लोक म्हणजे वर्षाला ५,४०,०००. फी धरून १७,१०,००० झाले. १५,१८,००० चे पगार भागून भाड्यालाही हातभार लागतो. दीडशे हा आकडा मोठा वाटतो, पण माजी पालक, त्यांचे शेजारी, निवृत्त शिक्षक, दुकानदार, ज्येष्ठ नागरिक संघ, डॉक्टरांची संघटना अशी यादी करत गेलात की आवाक्यात येतो. आमचे शंभरच्या वर देणगीदार दोन वर्षांत पत्र आणि भेटीतून झाले. बँकेत आपोआप वळती होणारी सूचना भरून घ्या, म्हणजे दर महिन्याला दारोदार फिरावं लागत नाही. वाढदिवसाचा खाऊ, वर्षश्राद्धाची देणगी, नातवाच्या बारशाला साहित्याचा संच, हे आपल्याकडे लोक आनंदाने देतात. ते नाकारू नका. फक्त देणगीदाराचं नाव मुलांच्या पाठीवर, दप्तरावर, गणवेशावर छापू देऊ नका.

देणगीदाराला पावतीबरोबर वर्षातून दोन पत्रं जावीत, आणि त्यात मुलांचे केविलवाणे फोटो नकोत. खर्च कुठे झाला आणि कोणत्या घरात काय बदललं, एवढं साध्या शब्दांत पुरतं.

करसवलतीबद्दल. संस्थेच्या उत्पन्नाला सूट मिळावी म्हणून १२ए आणि देणगीदाराला वजावट मिळावी म्हणून ८०जी, या दोन नोंदण्या लागतात. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती मिळते, मग नियमित करून घ्यावी लागते. ती तारीख चुकवू नका. १ एप्रिल २०२६ ही नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण बोलण्यात अजून जुनीच नावं आहेत म्हणून मीही तीच वापरते. अर्जावरचा क्रमांक सीएंना विचारा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही. शिवाय नवी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला ८०जीचा लाभच नाही, आणि असे लोक आता बरेच आहेत. म्हणून "कर वाचेल" असं सांगत देणगी मागत फिरू नका, काम सांगा. देणग्यांचं वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत भरायचं असतं. त्यासाठी प्रत्येक पावतीवर पॅन आणि पत्ता लागतो, तो पावती फाडतानाच घ्या. मे महिन्यात दीडशे जणांना फोन करत बसणं फार त्रासाचं आहे.

उरलेल्या ५,७०,००० पैकी चार लाख कंपनीच्या सामाजिक जबाबदारी निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, मिळवता येतील. ज्या कंपन्यांना हा नियम लागू आहे त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम यासाठी खर्चावी लागते. पण संस्थेकडे तीन वर्षांचं काम, १२ए आणि ८०जी, आणि कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक हवा. म्हणजे पहिली तीन वर्षं ही वाट बंद आहे असं धरूनच चाला. प्रस्ताव लिहिताना पालकशाळेचा खर्च "इतर"मध्ये लपवू नका. कंपनीचे लोक "किती मुलं?" विचारतात, तेव्हा "साठ मुलं आणि साठ घरं" असं सांगा, आणि घरांसाठी वेगळा तक्ता जोडा. कोणी "पालकांचं काढून टाका, आम्ही फक्त मुलांसाठी देतो" म्हणालं, तर ते पैसे खाऊ आणि साहित्याला घ्या. पालकशाळा मासिक देणग्यांवर चालवा, पण बंद करू नका.

बाकीचे १,७०,००० ताईंनी तयार केलेलं साहित्य आणि इतर बालवाड्यांच्या शिक्षिकांसाठी घेतलेल्या प्रशिक्षणातून येऊ शकतात. याचे हिशेब वेगळे ठेवा.

केंद्र खेड्यात असेल तर ग्रामपंचायतीला विसरू नका. स्वउत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला आणि बालकल्याणासाठी ठेवायचा असतो, आणि तो कशावर खर्चायचा याची चर्चा ग्रामसभेत होऊ शकते. तिथे संस्थेने जाण्यापेक्षा आयांनी जाऊन विषय मांडावा, वजन वेगळं पडतं. समाजमंदिराची खोली, पाण्याची जोडणी, कुंपण असं वस्तुरूपानं मिळालं तरी उत्तम, फक्त ठरावाची प्रत हातात घ्या. अंगणवाडीताईंशी स्पर्धा करू नका. लसीकरण, वजन-उंची, गरोदर बायकांची नोंद हे काम त्यांच्याकडे आहे. पालकशाळा त्यांच्याबरोबर मिळून घेतली तर दोघांचं बळ वाढतं.

परदेशातल्या मराठी माणसांची इच्छा मोठी असते, पण इथे जपून. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, ते परदेशात राहत असले तरी त्यांची स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत आलेली देणगी विदेशी ठरत नाही. ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं आहे त्यांची देणगी मात्र विदेशीच, मग ते आपल्या गल्लीत वाढलेले का असेनात, आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं, कार्ड असलं तरी. ती घ्यायला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते: तीन वर्षांचं अस्तित्व, त्या काळात उद्देशांवर किमान पंधरा लाखांचा खर्च, आणि दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत ठरावीक खातं. माझा सल्ला असा की पासपोर्ट कोणता हे पावतीआधी लेखी विचारून घ्या, आणि नोंदणी नसताना एक डॉलरही घेऊ नका.

राखीव आणि कायम निधी

तीन महिन्यांचा खर्च, वरच्या हिशेबात ५,७०,०००, बाजूला असावा. तो एका वर्षात साठत नाही. करसवलत टिकवण्यासाठी वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशांवर खर्चावे लागतात, उरलेले १५ टक्के विनाअट ठेवता येतात. त्यातून चार-पाच वर्षांत राखीव निधी उभा राहतो. २०२० मध्ये केंद्रं बंद झाली, फी थांबली, तेव्हा आमच्या ताईंचे पगार याच पैशातून झाले. ताई फोनवरून रोज दहा घरांशी बोलत होत्या, खेळ सांगत होत्या, रडणाऱ्या आयांचं ऐकत होत्या. पालकशाळा तेवढी एकच गोष्ट त्या काळात चालू राहिली.

कायम निधीसाठी दिलेली रक्कम असेल तर देणगीदाराचं तसं पत्र घ्या. पत्राशिवाय ती चालू वर्षाचं उत्पन्न धरली जाते.

हिशेब कोणासमोर वाचायचा

लेखापरीक्षण सप्टेंबरअखेर व्हायला हवं. हे सीए करतील. पण दर तीन महिन्यांनी पालकांसमोर हिशेबवाचन करा. आमच्याकडे फळ्यावर पाचच ओळी असतात: किती आले, कुठून आले, पगाराला किती, खाऊला किती, पालकशाळेला किती. वाचतो तो पालक प्रतिनिधी, खजिनदार नव्हे. एकदा खाऊचा खर्च वाढलेला बघून एका आजोबांनी शेंगदाणे-गूळ किरकोळ दुकानातून का घेता असं विचारलं आणि भुसार बाजारातला दर सांगितला. लाडू तेच राहिले, खर्च उतरला.

मुलांची सुरक्षितता हा मंडळाचा विषय

तो केंद्रप्रमुखावर सोडून देऊ नका. मदतनिसापासून रिक्षावाल्या काकांपर्यंत प्रत्येकाची पोलिस पडताळणी, मुलाला घ्यायला येणाऱ्यांची फोटोसह यादी, स्वच्छतागृहात नेण्याचे नियम हे सगळं मंडळाने मंजूर केलेलं असावं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. "आधी आपण चौकशी करू, संस्थेचं नाव खराब होईल" असं म्हणणाऱ्या विश्वस्ताला तिथल्या तिथे थांबवा. न कळवणं हाच गुन्हा आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीही लागते.

ताई आणि मदतनिसांना नेमणूकपत्र द्या, पगार पाच तारखेच्या आत बँकेत जमा करा. माणसं वीस झाली की भविष्यनिधी सक्तीचा होतो, आम्ही मात्र त्याआधीच सुरू केला.

सोपवण्याची वही

पदावरून उतरताना खजिनदाराने एक वही द्यावी. बँक खाती आणि ठेवींच्या तारखा, नोंदण्यांच्या मुदती, पासवर्ड कोणाकडे, पावतीपुस्तकांचे क्रमांक, कोणत्या देणगीदाराला फोन आवडतो आणि कोणाला पत्र, कोणत्या घराची फी माफ आहे. शेवटची नोंद फक्त पुढच्या खजिनदाराने बघायची.

माझी मुदत संपली तेव्हा ती वही मी एका माजी पालकाच्या हातात दिली. तो दिवसा वर्कशॉपमध्ये काम करतो, मुलगी आता सहावीत आहे. ती आमच्याकडे असताना तो तीनशेच्या पट्टीत होता, हेही त्या वहीत जुन्या पानावर लिहिलेलं आहे. त्याने वही चाळली, ते पान बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "यंदा पालकशाळेला किती ठेवलेत?" बदल अर्ज त्याच आठवड्यात दाखल केला.